नाकावर टिच्चून खरेदी

मँचेस्टर आणि लिव्हरपूल या दोन शहरांत पन्नास-पंचावन्न किलोमीटरचं अंतर आहे. म्हणजे सीएसएमटी ते कल्याण. एवढ्या अंतरावर आपल्याकडे माणसं रोज डबा घेऊन कामाला जातात आणि रात्री परत येतात. कुणाचं कुणाशी वैर होत नाही, कारण वैर धरायला आधी नीट उभं राहायला जागा लागते. तिकडे मात्र या दोन गावांनी एकमेकांचं बरं न बघण्याचा विडा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उचलला आणि अजून खाली ठेवलेला नाही.

भांडणाचं मूळ फुटबॉलमध्ये नाहीच. ते कापसात आहे आणि त्या कापसात थोडा आपलाही आहे. कापूस लिव्हरपूलच्या बंदरात उतरायचा आणि त्याचं कापड व्हायचं मँचेस्टरच्या गिरण्यांत. मधल्या मधे लिव्हरपूलवाले बंदराचा कर घ्यायचे आणि मँचेस्टरवाले बोटं मोडायचे. शेवटी मँचेस्टरनं ठरवलं, आपण समुद्रावर जायचं नाही, समुद्रच इकडे आणायचा. छत्तीस मैलांचा कालवा खणून त्यांनी 1894 मध्ये आगबोटी थेट आपल्या दारात आणल्या. एखाद्याची जिरवायची म्हणून किती खर्च करावा, याची या दोन गावांतली ही पहिली ठळक नोंद.

आपला कापूस यात आला तो अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे. 1861 ते 1865 तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाड-खानदेशचा माल मुंबईमार्गे लिव्हरपूलला जाऊ लागला. मुंबईत एवढा पैसा आला की त्याचं काय करावं हे कुणाला कळेना. मग बॅक बे बुजवायच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर लोकांनी पन्नास हजारांच्या घरात नेऊन ठेवला. जमीन अजून पाण्याखालीच होती. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि माणसांच्या हातात सुंदर छापलेले कागद राहिले. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतला राजाबाई टॉवर आज उभा आहे, म्हणून त्या उधळपट्टीतून निदान वेळ तरी कळते असं म्हणायचं. फुटबॉलच्या ट्रान्सफर बाजारावर, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीवर, आज अर्थतज्ज्ञ जे काही लिहितात, ते मुंबईनं राणीच्या काळातच करून दाखवलं होतं.

कापूस गेला, गिरण्या गेल्या, भांडण तेवढं राहिलं. ते आता मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल या दोन क्लबांच्या नावावर चालू आहे. ओल्ड ट्रॅफर्ड हे युनायटेडचं मैदान 1910 मध्ये सुरू झालं. उद्घाटनाच्या सामन्याला पाहुणा म्हणून बोलावलं लिव्हरपूलला. पाहुण्यानं 4-3 असा सामना जिंकला आणि घरी गेला. पुढे 1915 च्या गुड फ्रायडेला युनायटेडनं लिव्हरपूलला 2-0 असं हरवलं. नंतर कळलं की दोन्ही संघांतल्या काही खेळाडूंनी आधीच संगनमत करून याच निकालावर पैसे लावले होते. सात जणांवर बंदी आली. दोन्ही बाजूंचे खेळाडू मनापासून एकदिलानं खेळले असा या इतिहासातला हा बहुधा एकमेव सामना, आणि तो नेमका खोटा निघाला.

खेळाडूंच्या देवाणघेवाणीत तर दोघांत रोटी-बेटी व्यवहारच बंद आहे. 1964 मध्ये फिल चिझनॉल नावाचा खेळाडू युनायटेडमधून थेट लिव्हरपूलला गेला. त्यानंतर आजवर एकही नाही. 2007 मध्ये गॅब्रिएल हाइन्झे या अर्जेंटिनाच्या बचावपटूला लिव्हरपूलला जायचं होतं. युनायटेडनं साफ नकार दिला, प्रकरण लवादापर्यंत गेलं आणि शेवटी त्याला माद्रिदला धाडलं. परक्या देशात, परक्या माणसांत गेला तरी चालेल, पण त्या घरात नाही. गंमत म्हणजे युनायटेडला ज्यांनी मोठं केलं ते मॅट बझबी स्वतः लिव्हरपूलचे जुने खेळाडू. हे मी एकदा आमच्या मेहुण्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हाची गोष्ट वेगळी."

आमचे मेहुणे युनायटेडचे. आमचे चिरंजीव लिव्हरपूलचे. मामा-भाच्यांचं नातं आपल्याकडे फार गोड मानतात. ते ठरलं तेव्हा प्रीमियर लीग नव्हती.

मेहुण्यांच्या निष्ठेचा काळ मोठा आहे. ॲलेक्स फर्ग्युसन 1986 मध्ये मॅनेजर म्हणून युनायटेडला आले तेव्हा क्लबकडे लीगची विजेतेपदं सात आणि लिव्हरपूलकडे सोळा. 2013 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा युनायटेडकडे वीस झाली होती आणि लिव्हरपूल अठरावर थांबलं होतं. फर्ग्युसन काटकसरी होते असं मुळीच नाही. रिओ फर्डिनंडसाठी त्यांनी मोजलेली रक्कम त्या वेळचा इंग्लंडमधला विक्रम होती. पण बेकहॅम, स्कोल्स, नेव्हिल बंधू ही मंडळी त्यांनी घरच्या अकादमीत वाढवली आणि एरिक कॅन्टोनाला लीड्सकडून जेमतेम बारा लाख पौंडांत उचलून आणलं. लागतं काय हे आधी ठरायचं, दुकान नंतर. ते गेले आणि क्रम उलटा झाला.

पॉल पोग्बाचं उदाहरण घ्या. हा मुलगा युनायटेडच्याच अकादमीतला. 2012 मध्ये तो जवळजवळ फुकट युव्हेंटसला गेला. 2016 मध्ये युनायटेडनं त्यालाच 8 कोटी 90 लाख पौंड देऊन परत आणलं, तेव्हाचा जागतिक विक्रम. 2022 मध्ये करार संपला आणि तो पुन्हा फुकट गेला. कुठे? युव्हेंटसला. आपलाच माणूस दोनदा फुकट द्यायचा आणि मधे एकदा विक्रमी किमतीला विकत घ्यायचा, हा व्यवहार मी आमच्या पतपेढीतल्या एका जुन्या लेखनिकाला समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी मला पाणी दिलं.

पण पोग्बा निदान चांगला खेळाडू होता. माझा खरा रस आहे तो दुसऱ्या जातीच्या खरेदीत. शेजाऱ्याला हवं आहे म्हणून आपण घ्यायचं! युनायटेडचा दुसरा शेजारी मँचेस्टर सिटी, तोही गावातलाच. जानेवारी 2018 मध्ये सिटीला अलेक्सिस सांचेझ हवा होता. किंमत आणि पगार ऐकून सिटीनं हात मागे घेतला. त्याच क्षणी युनायटेडनं पुढे केला. सांचेझच्या आगमनाची चित्रफीत क्लबनं काढली, त्यात तो सात नंबरचा शर्ट घालून पियानो वाजवतोय. पुढे युनायटेडसाठी तो 45 सामने खेळला आणि पाच गोल केले. पियानो मात्र बरा वाजवला होता.

फ्रेड नावाच्या खेळाडूकडे सिटीचं लक्ष होतं, तो युनायटेडनं घेतला. हॅरी मॅग्वायर सिटीला हवा होता, किंमत ऐकून ते निघून गेले. युनायटेडनं 2019 मध्ये 8 कोटी पौंड मोजले आणि तो जगातला सर्वांत महाग बचावपटू झाला. 2021 मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डोची बोलणी सिटीशी चालल्याच्या बातम्या आल्या आणि मँचेस्टरमध्ये रातोरात भावनांचा महापूर आला. रोनाल्डो युनायटेडमध्ये परतला, त्यानं त्या मोसमात चोवीस गोलही केले. युनायटेड सहावं आलं. ज्यांना आघाडीपटू मिळाला नाही ते सिटी पहिलं आलं. मी सगळा हिशेब मांडून पाहिला आहे. सिटीचे गेल्या दशकातले सर्वांत फायद्याचे व्यवहार म्हणजे जे खेळाडू युनायटेडनं त्यांच्या हातातून हिसकावून नेले, ते.

सिटीनं वाण्याकडून वजन करून संघ आणला, असा याचा अर्थ नाही. 2008 पासून त्यांच्यामागे अबुधाबीचा पैसा आहे. एका जॅक ग्रीलिशसाठी त्यांनी 10 कोटी पौंड दिले. प्रीमियर लीगनं आर्थिक नियमभंगाचे शंभरावर आरोप 2023 मध्ये त्यांच्यावर ठेवले, सिटीनं ते नाकारले. मुद्दा इतकाच की पैसा असूनही ते दुकानातून रिकाम्या हातानं बाहेर पडू शकतात. ही फार अवघड कला आहे. लक्ष्मी रोडवर कुठल्याही शनिवारी उभं राहून बघा, किती जणांना जमते.

सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की या जोडीनं 2009 मध्ये 'सॉकरनॉमिक्स' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवलं की क्लब खेळाडूंना पगार किती देतो याचा त्याच्या लीगमधल्या क्रमांकाशी घट्ट संबंध असतो, आणि ट्रान्सफरवर किती उधळतो याचा फारच सैल. कारण सरळ आहे. पगार दर आठवड्याला द्यायचा असतो, तो बघून-सवरून दिला जातो. ट्रान्सफर फी ऑगस्टच्या शेवटच्या रात्री, फोन कानाला लावून, चाहते बाहेर बोंबलत असताना ठरते. त्या रात्री समोरच्याला एकच गोष्ट कळायला लागते, ती म्हणजे तुमच्या खिशात पैसे आहेत.

हे बार्सिलोनाइतकं कुणाला महाग पडलं नसेल. 2017 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या पीएसजी क्लबनं नेमारसाठी बार्सिलोनाला 22 कोटी 20 लाख युरो दिले. एवढा पैसा एकरकमी आला, ही बातमी जगभर झाली आणि बार्सिलोनानं दार ठोठावलं की प्रत्येक दुकानदार आतून किमतीची पाटी बदलून यायचा. त्यांनी डॉर्टमुंडकडून उस्मान डेम्बेले घेतला आणि जानेवारीत लिव्हरपूलकडून फिलिपे कुटिन्यो. कुटिन्योची रक्कम, सगळे हप्ते आणि जर-तर धरून, 14 कोटी 20 लाख पौंडांपर्यंत जाणार होती. लिव्हरपूलनं साडेसात कोटींना बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक घेतला आणि पावणेसात कोटींच्या आत गोलकीपर ॲलिसन. बेरीज करून बघा. एका खेळाडूच्या पैशात दोन आले आणि दोन्ही नेमके ज्या जागा गळत होत्या तिथले. 2019 मध्ये लिव्हरपूलनं चॅम्पियन्स लीग जिंकली, वाटेत बार्सिलोनाला 4-0 असं धुतलं आणि त्या बार्सिलोनात कुटिन्यो खेळत होता. 2020 मध्ये तीस वर्षांनी लीगही आली.

कुटिन्यो मग बायर्न म्युनिकला उसना दिला गेला. ऑगस्ट 2020 मध्ये बायर्ननं बार्सिलोनाला 8-2 असं हरवलं. शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी कुटिन्यो मैदानात आला आणि त्यानं दोन गोल केले. बार्सिलोनावर, बार्सिलोनाच्याच मालकीच्या खेळाडूनं. नेमारला नेणाऱ्या पीएसजीनं पुढे एम्बापे घेतला, मेस्सीही आणला. तिघे एकत्र खेळूनही चॅम्पियन्स लीग काही आली नाही. मग तिघेही गेले आणि 2025 मध्ये पीएसजीनं इंटर मिलानला 5-0 हरवून ती जिंकली. त्या संघाचा नायक उस्मान डेम्बेले. तोच, जो बार्सिलोनानं नेमारच्या पैशातून घेतला होता आणि नंतर पीएसजीला निम्म्याहून कमी किमतीत विकला. त्याला त्या वर्षीचा बॅलन डी'ओरही मिळाला. हे सगळं कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकानं योगायोग फार झाले म्हणून साभार परत पाठवलं असतं.

चेल्सीबद्दल मी लिहिणार नव्हतो, पण वगळलं तर त्यांच्या चाहत्यांना वाईट वाटतं. 2022 मध्ये नवे मालक आले, पहिल्या मोसमात उन्हाळ्याच्या आणि जानेवारीच्या दोन्ही बाजारांत जे दिसेल ते उचललं, साडेआठ-साडेआठ वर्षांचे करार केले आणि संघ बारावा आला. इतके खेळाडू झाले की सरावाला मैदान पुरेना, अशा तऱ्हेचे विनोद तेव्हा चालायचे. लेस्टरचं उलटं. 2016 मध्ये त्यांनी लीग जिंकली तेव्हा रियाद माहरेझ सुमारे चार लाख पौंडांना आणलेला होता आणि जेमी वार्डी दहा लाखांना. सट्टेबाजांनी मोसमाआधी लेस्टरला एकास पाच हजारांचा भाव दिला होता. गरीब क्लबांचे चाहते गेली कित्येक वर्षं या एकाच उदाहरणावर दिवस काढत आहेत.

आता घरच्या मैदानावर येतो. 2024 च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलनं त्या मोसमासाठी जवळपास कुणालाच घेतलं नाही. फेडेरिको किएझा आला, तोही कोटी-सव्वा कोटी पौंडांत. नवे मॅनेजर आर्ने स्लॉट जुन्याच मंडळींना घेऊन खेळले आणि चार सामने शिल्लक असताना लीग जिंकले. दोन्ही क्लबांची विजेतेपदं वीस-वीस झाली. चिरंजीवांनी मामाला फोन केला. युनायटेड त्या वर्षी पंधराव्या क्रमांकावर आलं, प्रीमियर लीगमधली त्यांची सर्वांत वाईट कामगिरी.

"मामा, पंधरावे आलात."

"अरे, पण युरोपा लीगच्या फायनलला होतो आम्ही."

"ज्यांच्याशी हरलात ते टॉटनहॅम सतरावे होते."

मेहुण्यांनी फोन आमच्या हिला द्यायला सांगितला आणि मुलाच्या अभ्यासाची चौकशी केली.

शहाण्या घरानं यावरून काय शिकावं? न घेता जिंकलो, तर पुढच्या वर्षीही हात आखडता घ्यावा. लिव्हरपूलनं 2025 च्या उन्हाळ्यात 40 कोटी पौंडांहून अधिक खर्च केला. फ्लोरियन विर्ट्झसाठी 10 कोटी आणि वर जर-तर. न्यूकॅसलकडे संप करून बसलेल्या अलेक्झांडर इसाकसाठी साडेबारा कोटी, ब्रिटनमधला विक्रम. आमच्या घरात ते दोन महिने उत्सवाचे होते. फ्रिजचा दरवाजा नीट लागत नाही म्हणून नवा घ्यावा का, यावर तीन बैठका होऊनही निर्णय न करू शकणारे आमचे चिरंजीव इसाकच्या बाबतीत म्हणाले, "घेऊन टाकायचा बाबा, दोन-चार कोटींकडे बघायचं नाही."

पहिले पाच सामने लिव्हरपूल जिंकलं. त्यानंतरच्या सातांपैकी सहा हरलं. त्या संघानं जुलैत दियोगो जोटा हा सहकारी अपघातात गमावला होता. त्या दुःखावर कोट्या होत नाहीत आणि पराभवाचा सगळा जमाखर्च पैशात मांडताही येत नाही. पण इसाकला सराव नव्हता, विर्ट्झला उभं कुठे करायचं हे ठरत नव्हतं, आणि आदल्या वर्षी डोळे मिटून चालणारं यंत्र उघडून त्यात नवे भाग बसवायचे राहिले होते.

19 ऑक्टोबर 2025 च्या रात्री युनायटेड लिव्हरपूलच्या मैदानावर, ॲनफिल्डवर आलं. तिथे लीगचा सामना त्यांनी जानेवारी 2016 नंतर जिंकलेला नव्हता. दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी गोल केला, लिव्हरपूलनं उशिरा बरोबरी साधली, आणि 84 व्या मिनिटाला डोक्यानं विजयी गोल मारला तो कुणी? हॅरी मॅग्वायरनं. आठ कोटींचा तोच बचावपटू, ज्याच्यावर सहा वर्षं जगानं विनोद केले, आणि त्यातले निम्मे आमच्या हॉलमध्ये तयार झाले. त्या एका गोलात आठ कोटी वसूल झाले का? मेहुण्यांच्या मते व्याजासकट.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी होती. पहाटे, आम्ही तेल लावून बसलो असताना मेहुण्यांचा फोन आला. त्यांनी कारिट फोडताना कुणाचं नाव घेतलं ते त्यांनी भाच्याला सविस्तर सांगितलं. भाऊबीजेला ते आले तेव्हा अंगावर लाल शर्ट होता आणि पाठीवर पाच नंबर. ओवाळणीच्या ताटात त्यांनी पाकीट ठेवलं, ते बघून चिरंजीव पुटपुटले की निदान इथे तरी ट्रान्सफर फी वाढवायला हरकत नव्हती.

हे फक्त साहेबाचं वेड आहे असं समजू नये. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण हे संघ समोरासमोर आले की कुणाच्या घरात कोण बोलेनासं होईल सांगता येत नाही. एका तालमीचा पोरगा दुसऱ्या तालमीकडून खेळायला गेला तर पेठेत त्याची चर्चा लग्न मोडल्यासारखी होते. थेट नायजेरियाचे खेळाडूसुद्धा या पेठांनी आणून खेळवले आहेत. रकमेत शून्यं कमी असतील, ईर्ष्येत एकही कमी नाही.

पैशानं यश मिळतं का, असं मला हल्ली सोसायटीत विचारतात, कारण दोन्ही बाजू ऐकून घेणारा मी एकटाच उरलो आहे. मिळतं. व्हॅन डाइक फुकट आला नव्हता आणि सिटीचा संघ दानपेटीतून उभा राहिलेला नाही. पण जो पैसा भोक बुजवायला दिला तो लागू पडतो, आणि जो शेजाऱ्याचं तोंड बघायला दिला त्यातून तोंडच बघायला मिळतं. तेही साधारण ऑक्टोबरपर्यंत. चाहत्यांना मात्र हा दुसरा खर्चच आवडतो, हे मी दोघांनाही तोंडावर सांगितलं आहे. ऑगस्टमध्ये कुणी हरत नाही. प्रत्येक नवा खेळाडू तेव्हा चित्रफितीतच खेळतो आणि चित्रफितीत चेंडू कधी बाहेर जात नाही.

तेव्हा ज्यांच्या घरात असा एखादा मामा किंवा भाचा आहे त्यांना एक विनंती. इंग्लंडची ट्रान्सफर विंडो जूनमध्ये उघडते आणि सप्टेंबरच्या तोंडावर बंद होते. या काळात घरात फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर यांपैकी कशाच्याही किमतीचा विषय काढू नका. साडेबारा कोटी पौंड वाजवी म्हणणारा माणूस तुमच्या बावीस हजारांवर तासभर भाषण देईल. घ्यायचं ते मे महिन्याच्या अखेरीस घ्या. तेव्हा लीग संपलेली असते आणि त्यांच्यापैकी निदान एक जण कुठल्याही कागदावर मुकाट्यानं सही करतो.